चार फुटांची वाट

मित्रांनो, मी एक जुना रोटरी कटर आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडून ज्याने गवत आणि काटेरी झुडपे कापतात, तो मी. लांबून पाहिलेत तर पालथी घातलेली मोठी लोखंडी परात वाटेन. त्या परातीखाली माझी दोन पाती आहेत. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दांडा फिरतो, त्याचा जोर माझ्या गिअरच्या पेटीत येतो आणि पाती गरगरू लागतात. माझी रुंदी चार फूट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्रा वाकवून माझे अंग केले, ठिणग्या उडवत माझे सांधे जोडले आणि शेवटी मला नारिंगी रंग दिला. तिथून मी एका दुकानाच्या अंगणात आलो. शेजारी माझा सहा फुटी थोरला भाऊ उभा होता. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्याच पाठीवर थाप मारी. माझ्यावर धूळ बसे. कुंपणापलीकडे गवत वाऱ्यावर डोलताना दिसायचे. जन्म ज्याच्यासाठी झाला, त्याला नुसते लांबून पाहायचे! त्या दिवसांत मला दुसरी कसलीच इच्छा नव्हती. एकदा गवताला लागावे, एवढेच वाटे.

एका सकाळी एक नवरा-बायको दुकानात आली. काकांनी सारा जन्म बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर हौसेने एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता. मावशी कपडे शिवायच्या. त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला तळे होते आणि तळ्यापलीकडे मावशींच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे घर. दोघी बहिणी लग्नानंतरही रोज तळ्याकाठच्या पायवाटेने एकमेकींकडे जात. पण पुढे काकांची बदली दूरच्या आगारात झाली आणि मावशीही तिकडे गेल्या. तिथली काही वर्षे सरली, तोवर वाटेवर माणसाच्या उंचीची काटेरी झुडपे माजली. गाडीच्या रस्त्याने ताईंकडे जायला फार मोठा वळसा पडे. आता ताई थकल्या होत्या, एकट्या होत्या. त्यांच्या मुलाने सांगून टाकले होते, "आईकडे रोज बघायला कुणी येऊ शकत नसेल, तर मी तिला शहरात नेतो. महिनाअखेरीस येतो."

म्हणून मावशींची घाई चालली होती.

दुकानदाराने काकांना विचारले, "काका, ट्रॅक्टर केवढ्या ताकदीचा आहे? मागचं वजन किती उचलतो?"

"ते सोडा हो. टेप द्या इकडे," काका म्हणाले. त्यांनी माझ्या थोरल्या भावाची रुंदी मोजली आणि मान डोलावली. "आमच्या फाटकातून आरामात जातोय. दोन्हीकडं वीतभर जागा राहते."

"फाटकाचं नाही विचारलं मी."

"मी जन्मभर बस चालवलीय, भाऊ! गाडी फाटकातून गेली की पुढचं मी बघतो."

दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवले. "तुमच्या ट्रॅक्टरला हा बरा. मागच्या दोन चाकांइतकी रुंदी आहे याची. झेपेल त्याला."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगात जणू वारे भरले! पण त्या म्हणाल्या, "हा तर माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाएवढा आहे. नको. मोठाच घ्या, अहो. लवकर उरकेल."

माझा भाऊ गेला. मी त्याला नेणाऱ्या टेम्पोकडे पाहत राहिलो.

महिना सरत आला, तेव्हा तोच टेम्पो परत आला. माझा भाऊ उतरला, त्याच्या मागून काका उतरले आणि शेवटी मावशी. मावशींच्या केसांत गवताचे कुसळ अडकले होते.

"काय झालं?" दुकानदाराने विचारले.

"काय व्हायचंय! उतारावरून वर येताना मागच्या वजनानं पुढची चाकं हवेत," काका म्हणाले. "मी आपला स्टीअरिंग फिरवतोय, फिरवतोय, आणि ट्रॅक्टर सरळच चाललाय!"

"आणि मी ओरडतेय, तर हे मलाच हात हलवून दाखवतायत," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, मजेत आहेत."

"अगं, बाजूला हो म्हणत होतो!"

दुकानदाराने हसू दाबले. पण मावशी हसत नव्हत्या. पात्यांना झुडपे झेपेनात, तरी काकांनी ट्रॅक्टर रेटला होता आणि त्यात क्लच जळला होता. तो दुरुस्त करून देण्यात मिस्त्रीने बरेच दिवस घेतले होते. मावशी माझ्याजवळ आल्या आणि पदराने त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली.

"मीच घाई केली," त्या हळूच म्हणाल्या. "परवा तिचा मुलगा येतोय. होईल का रे तुझ्याच्यानं?"

मित्रांनो, लोखंडाला उत्तर देता येत नाही. आले असते, तर मी अंगणभर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा गवताला लागलो. काकांनी आधी मला उंच धरून झुडपांचे शेंडे उडवले, मग खाली घेऊन बुंधे कापले. आतली पाने ओली होती. चिरलेल्या हिरव्या पाल्याचा वास माझ्या पत्र्याखाली कोंडला. मी ज्याची आस धरली होती ते हेच होते. मावशी खूप लांब, बांधावर उभ्या होत्या. तसेच उभे राहावे. माझी पाती फिरत असताना जवळ येऊ नये, दगड गोळीसारखा उडतो.

निम्म्या वाटेत खाडकन आवाज झाला आणि पाती थांबली. गवतात जुने खोड दडले होते. मावशी धावत आल्या. "मोडला? आता हा पण मोडला?"

"अगं, नुसता बोल्ट तुटलाय," काका म्हणाले. "तुटायसाठीच ठेवलेला असतो तो. तो तुटतो म्हणून पेटी वाचते. थांब, खिशात चार घेऊन आलोय."

"हे मात्र आठवणीनं आणलंत!"

"आता दुकानदाराचं ऐकायचं ठरवलंय."

अंधार पडला तेव्हा तळे दिसत होते, पण ताईंचे घर अजून झुडपांमागे होते. उरलेली वाट सकाळी कापली. शेवटचे झुडूप आडवे झाले आणि समोर स्वयंपाकघराचे दार दिसले. दारात काठी टेकून ताई उभ्या होत्या. अंगणात मुलाची गाडी होती आणि गाडीत बोचकी भरलेली होती.

काकांनी इंजिन बंद केले. मावशी कापलेल्या वाटेने आल्या.

"केवढा आवाज गं!" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तळ्यात विमान उतरलं."

"आता जायचं नाही, ताई. वाट झाली. मी रोज येईन."

मुलगा पुढे आला. "मावशी, वाट झाली हे खरंय. पण आई परवा न्हाणीत पडली. तासभर तशीच होती. तुला सांगितलं नाही तिनं."

ताईंनी काठी सावरली, वाटेवर पाऊल ठेवले आणि मावशींचा हात धरला. दोघी सावकाश तळ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. परतताना ताईंचा आवाज माझ्या कानी पडला.

"जाऊ दे मला. पोराला घोर लागलाय माझा. पण वाट बुजू देऊ नकोस."

"मग एवढं केलं ते काय मी एकटीनं चालायला?"

"हो, एकटीनं. वाट असली की मला यायचं म्हणता येईल. नसली तर काय म्हणू?"

गाडी गेली. मावशी बराच वेळ माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

त्यानंतर दर हंगामात मी ती वाट कापली. सुरुवातीला ताई सुट्टीत यायच्या. मग येणे कमी झाले, मग फोन राहिले. एकदा काका म्हणाले, "आता कुणासाठी कापायची?" मावशी एवढेच म्हणाल्या, "तुम्ही ट्रॅक्टर काढा." काकांनी ट्रॅक्टर काढला.

पुढे काकांचे गुडघे गेले. शेवटच्या कामानंतर माझ्या पोटाला चिकटलेले ओले गवत कुणी खरवडले नाही. ते तिथेच कुजले आणि पत्र्याला गंज चढला. ग्रीस आटले, पाती बोथट झाली. मी शेडच्या दाराकडे पाहत राहिलो. मावशी कापडाची जुनी कात्री घेऊन वाटेकडे जाताना दिसत. जे मी एका दमात केले असते, ते त्या फांदी-फांदीने करत. मला हाक मारा, असे किती वेळा वाटले!

काल शेडचे दार उघडले. ताईंचा मुलगा आत आला. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत. काकांचा ट्रॅक्टर जोडून त्याने मला उचलले, ठोकळ्यांवर टेकवले आणि तो खाली वाकला.

"काय शोधतोस?" मावशींनी विचारले.

"मावशी, आई आता मला ओळखत नाही. पण रोज विचारते, वाट आहे ना? मी हो म्हणतो. किती दिवस खोटं बोलू? रविवारी तिला घेऊन येतो." तो पत्रा खरवडू लागला. "हे चालेल ना गं?"

मावशींनी तेलाचा डबा आणून त्याच्याजवळ ठेवला. "आधी बोल्ट बघ," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरच्या कोपऱ्यात कुणी माझ्यासारखा पडून असेल. काम झाले की त्याला पुसा, त्याचा चिखल काढा, वर्षातून एकदा तेल द्या. आम्ही लागतो ते वर्षातून थोडेच दिवस. पण लागतो, तेव्हा उद्यावर ढकलता येत नाही. माझी गिअरची पेटी अजून शाबूत आहे की नाही, मला ठाऊक नाही. रविवारपर्यंत ती टिकावी, एवढेच माझे मागणे आहे.