बाविसाव्या खेपेचा निळा

मी एक जुनी, अंगठ्याएवढी काचेची बाटली आहे. पण मित्रांनो, माझ्या पोटातला निळसर करडा रंग जुळवायला बावीस खेपा लागल्या!

माझ्यातला रंग जुळवणारी बाई कृत्रिम दात बनवायची. पांढऱ्यातल्या सोळा छटा ती झोपेतही ओळखेल, असं तिची नणंद म्हणायची. तिचे सासरे युद्धाच्या काळात विमानवाहू जहाजावर रंगारी होते. त्यांनी रंगवलेलं एक विमान समुद्रावरून परतलंच नाही. त्याचा वैमानिक त्यांचा जिवलग मित्र होता. सुनेनं त्या विमानाची वीतभर प्रतिकृती जोडली, पण रंग अगदी तोच हवा, असा सासऱ्यांचा हट्ट होता.

त्यांच्या जुन्या वहीत त्या रंगाचा एक ठिपका होता. मिटलेल्या पानांत राहिल्यामुळे तो विटला नव्हता. त्याच्याशी ताडून पाहत ती थेंब थेंब मिसळत राहिली. बाविसाव्या खेपेला मी आणि ठिपका वेगळे ओळखू येईनात, इतके एक झालो! माझा आनंद पोटात मावेना. ती धावतच सासऱ्यांकडे गेली.

त्यांनी मला खिडकीपाशी धरलं, निरखलं आणि मान हलवली. "सूनबाई, हा शेवाळी आहे. आमचं विमान निळं होतं." तो ठिपकाही विटला असणार, असं त्यांचं म्हणणं.

म्हातारपणी आठवण दगा देते, असं नणंदेनं सुनेला समजावलं. मी फळीवर सहा महिने धूळ खात पडले.

मग एके सकाळी सासऱ्यांनी टेबलावरचे नवे दात पाहिले आणि इतके पिवळे का केलेस, असं विचारलं. ते दात तर सगळ्यात पांढऱ्या छटेचे होते! सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठवण शाबूत होती, पिवळी पडली होती ती नजर. त्याच आठवड्यात तिनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रिया झाली.

डोळ्यांवरची पट्टी सुटली त्या दिवशी तिनं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला पुन्हा खिडकीपाशी धरलं.

"हाच," ते म्हणाले. "तो उडाला त्या दिवशी माझ्या हाताला हाच ओला रंग लागला होता, म्हणून मी माझ्या मित्राचा हात हातात घेतला नाही. लांबूनच निरोप दिला."

संध्याकाळच्या आत विमानाचे दोन्ही पंख रंगले. कुंचला सासऱ्यांच्याच हातात होता.

आता माझ्यात जेमतेम चमचाभर रंग उरलाय. मित्रांनो, माझं झाकण घट्ट लावत जा. आणि घरातलं कुणी वडीलधारं निळ्याला शेवाळी म्हणू लागलं, तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि आधी डोळे तपासून आणा.