खुर्चीचा मिटणारा हात

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या वर्कशॉपमधल्या लाकडांनाही ठाऊक आहे. मी तिथे गाद्या शिवते. ताईंनी नियम सांगितला तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झाले होते.

ताई आमच्या नव्या प्रमुख. मालकांनी त्यांना एकच काम दिलं होतं: दवाखान्यात पेशंटजवळ बसणाऱ्यासाठी खुर्ची तयार करा. पसंत पडली तर ठीक, नाहीतर पुढे इथे नुसती खोकी ठोकायची. खोक्यांना गादी लागत नाही. म्हणजे घरी बसणार मी.

नियम असा: 'बायकांना असं लागतं', 'पुरुषांना तसं चालतं' म्हणायचं नाही. 'बाई असून', 'पुरुष असून' म्हणत कुणाला हसायचं नाही. जो चुकेल त्याने संध्याकाळी भुसा झाडायचा.

"म्हणजे बोलायचीच चोरी," सुतारदादा कुरकुरले.

"बरंच झालं," मी म्हणाले. "पुरुषांच्या तोंडाला कुलूप हवंच होतं."

ताईंनी झाडू माझ्या हातात दिला.

सुरुवातीला वर्कशॉप माझ्यामुळेच लख्ख राहिलं. पण 'बायकांना उंच पडेल' म्हणता येईना, तेव्हा सुतारदादांना 'पाय टेकणार नाहीत' असं म्हणावं लागलं. आणि म्हणता म्हणता त्यांनीच खाली पाय ठेवायला फळी काढली. पूर्वी मी काही सुचवलं की 'वहिनी, गादीपुरतं बोला' व्हायचं, आणि त्यांनी सुचवलं की माझा टोमणा तयार. आता टोमणा येणार नाही याची खात्री होती, म्हणून सगळेच वेडंवाकडं काहीही सुचवू लागले. ताईंचं डोकं मानलं मी.

मग एक दिवस पॉलिशवाले बोलले. यांना आम्ही मौनीबाबा म्हणतो, यावरून काय ते समजा.

"एक सांगू? हसू नका."

"हसलं तर झाडू आहेच," ताई म्हणाल्या.

"बायको शेवटी दवाखान्यात होती. तिला सारखा माझा हात धरायला लागायचा. पण खुर्चीचा हात मध्ये यायचा. पुढे वाकून बसलो तर पाठ धरायची, मागे टेकलो की तिचा हात सुटायचा. एकदा टेकलो, डोळा लागला. सुटला तो सुटलाच."

ते रडत होते आणि डोळे पुसतही नव्हते. मला फार वाईट वाटलं. या माणसाशेजारी बसून मी इतकी वर्षं डबा खाल्ला होता, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

सुतारदादा उठले. नमुन्याच्या खुर्चीचा एक हात त्यांनी कापला आणि बिजागरी लावून खाली मिटेल असा केला. मी गादीची कड वाढवून, मापासाठी शेजारी आणून ठेवलेल्या दवाखान्याच्या पलंगापर्यंत नेली, म्हणजे कोपर टेकवून झोपलं तरी हात सुटायला नको.

मालक बघायला आले. खुर्चीत बसले, तिचा हात वर-खाली करून पाहिला. "छान आहे. नाजूक काम. बायकांना आवडेल."

आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. मालकाला कोण सांगणार? माझी नोकरी त्या खुर्चीवर बसलेली होती. तेवढ्यात मौनीबाबा कोपऱ्यातून झाडू घेऊन आले आणि मालकांसमोर धरला.

"इथला नियम आहे साहेब," ते म्हणाले. "आणि हा मिटणारा हात माझं ऐकून केलाय. माझ्यासाठी."

मग त्यांनी बायकोचं सगळं सांगितलं. मालक पुन्हा खुर्चीत बसले. हात मिटवला आणि शेजारच्या पलंगावर तळवा ठेवला. उठले ते, "हीच करायची," म्हणत. मग कोट काढून त्यांनी खरंच झाडू मारला.

कोपरे राहिलेच. यावर एक झकास वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि गादीला सुई लावली.