दारामागचं रडणं

कुकरची शिट्टी झाली तशा आम्ही दोघी दचकलो. माझी नणंद दिपिका रोह्याहून पेणला आली होती, माझं रडणं मागायला.

"नुसता आवाज दे, वहिनी. तुझं नाव नाय टाकणार."

ती स्वतःवरच फिल्म करत होती, मोबाईलवर. पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस तिला जगणं नकोसं व्हायचं आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळायचं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन महिने रोजची नोंद ठेवायला लावली आणि मग नाव सांगितलं, पीएमडीडी. स्वभाव नव्हे, आजार. तिनं मला ते फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं होतं. माझेही तेच दिवस, तसेच दिवस. हे मी फक्त तिलाच बोलले.

"तुझं रडणं कुठं गेलं?" मी विचारलं.

"त्या दिवसांत कॅमेरा लावायचं सुचत नाय गो. आणि बरी असले की रडूच येत नाय. नाटक वाटतं."

पुढच्या खेपेला ते दिवस आले तेव्हा मी बाथरूमची कडी लावली आणि फोन साबणाच्या कोनाड्यात ठेवला. बाहेर सासूबाई माझ्या लेकीला, मैनाला सांगत होत्या, "नको जाऊ तिकडं. तुझ्या आईचं डोकं फिरलंय." तेवढं काप, असं लिहून मी आवाज दिपिकाला पाठवला. नाव नको, हेही पुन्हा लिहिलं. घरात कळलं असतं तर काय, याचीच भीती.

फिल्म पुरी झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघी गाडीनं रोह्याला गेलो. सासूबाई अलीकडचं निडी स्टेशन गेल्यापासूनच पिशवी घेऊन उभ्या. लेकीची फिल्म होती ना!

महिला मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पडद्यावर दिपिका आली, न विंचरलेल्या केसांची, गच्चीवर बसलेली, कुंडलिका नदीच्या पुलावरून चालणारी. मग एक बंद दार आलं. त्यामागून माझं रडणं. पुढच्या बाईनं पदर डोळ्याला लावला, आणि शेजारी सासूबाई हुंदके द्यायला लागल्या.

दिवे लागले तसा दिपिकाभोवती गराडा पडला. सासूबाई खुर्च्या सारत पोचल्या आणि तिला छातीशी धरलं.

"दिपे, एवढं सोसलंस नि आईला बोलली नाय? आजार होता गो तुला, आजार! त्या दारामागं कशी रडत होतीस बाय माझी!"

हेच रडणं त्या आमच्या घरात सहा वर्षं ऐकतायत. तिथं ते माझ्या माहेरचं वळण होतं. नितेशसुद्धा, म्हणजे माझा नवरा, त्या दिवसांत कंपनीत जादा शिफ्ट मागून घेतो. आणि इथं एक अनोळखी बाई दिपिकाचा हात हातात घेऊन उभी होती, सोडतच नव्हती. तो हात मला हवा होता. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला वाटलं, हिचा आजार खोटा निघावा.

सासूबाईंच्या खांद्यावरून दिपिकानं माझ्याकडं पाहिलं. भुवया उंचावल्या. सांगू?

मी मान हलवली, नको.

तिनं ऐकलं. तिनं ऐकलं म्हणून मला तिचा आणखीच राग आला.

मैना माझ्या मांडीवर होती, पाच वर्षांची. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, ते तू रडत होतीस ना?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागं केले. "व्हय."

तिनं गर्दीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मग आजी आत्याला का जवळ घेते?"