निळ्या शाईतलं पत्र

अर्धा तास!

"अर्धा तास, आभार," हॉलिस ट्रेनर रंगपटातून ओरडला. प्रयोगाआधीचा पुकारा झाला की नटाने उत्तर द्यायचंच. हातातला कागद त्याने आरशाच्या दिव्यांखाली धरला.

दुसऱ्या अंकात तो मुलाचं शेवटचं पत्र वाचायचा. कागद कायम कोरा. तशी त्याचीच सक्त ताकीद होती. चव्वेचाळीस वर्षं नाटकं, मधे सिनेमात अकरा न्यायाधीश आणि चार पोलीसप्रमुख, पण रंगमंचावर बघून वाचणं? कधीच नाही. आणि काल प्रयोगात घडी उलगडली तर आत सगळं पत्र लिहिलेलं. निळ्या शाईत.

"लोरेटा, हे अक्षर कोणाचं?"

वीस वर्षं त्याला कपडे चढवणारी लोरेटा कोट झटकत राहिली. "मला काय ठाऊक? मी बटणं लावते."

"नेडचं आहे."

"मग त्यालाच विचारा की."

"विचारलं की सावध होईल."

नेड बर्डिक, त्याचा बदली नट. सात महिने विंगेत उभा. हॉलिस आजारी पडला तरच त्याचा पाय रंगमंचाला लागणार. उद्या हाच कागद निर्मात्यापुढे जाईल: बघा, म्हातारा वाचून बोलतो.

(कार्यक्रमपत्रिका, पान नऊ: 'श्री. ट्रेनर यांनी आजवर एकही प्रयोग चुकवलेला नाही.' मजकूर त्याचाच. खरा.)

पंधरा मिनिटं!

"आभार."

विंगेतल्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखलेली. पत्राच्या चौकोनात त्याने कोरा कागद ठेवला. शाईचा खिशात.

बेत सोपा होता. पत्राच्या मध्यावर मुद्दाम थांबायचं आणि विंगेत बघायचं. जो आपल्या चुकण्यावर टपलाय, त्याचे ओठ हलतील.

जागेवर!

दुसऱ्या अंकात पत्राची दोन वाक्यं झाली. तो थांबला.

एक. दोन.

नेडचे ओठ हलत होते. सापडलास, बेट्या!

नेडच्या शेजारी कोट घेऊन लोरेटा. तिचेही.

मागे प्रयोगाची व्यवस्थापक. तिचेही.

समोर, प्रेक्षकांकडे पाठ केलेली, नाटकात त्याची मुलगी झालेली पोरगी. तिचेही.

सगळ्यांच्या ओठांवर एकच वाक्य. म्हणजे हे आजचं नाही. कधीपासून? आपण कधी, कुठे अडखळलो—

तीन. चार. आता बोलायला हवं.

काय?

त्याने खाली पाहिलं. कोरा कागद.

नेड उजेडाच्या कडेपर्यंत आला. बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश त्याने तोंड उघडलं. हॉलिसने एकेक शब्द त्याच्या ओठांवरून उचलला.

"बाबा... तळं अजून... गोठलेलं नाही."

प्रेक्षागृहात कोणीतरी हुंदका दिला.

"काय थांबलात हो आज!" कोट उतरवताना लोरेटा म्हणाली.

"मुद्दाम थांबलो."

"ते कळलं मला."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. काही पत्ता लागेना.

दुसऱ्या दिवशी, अर्ध्या तासाच्या पुकाऱ्याआधी, हॉलिसने खिशातलं पत्र काढून खडूच्या चौकोनात ठेवलं. वळला, तर मागे नेड.

"बघतोयस काय? 'गोठलेलं' पुसट झालंय. गडद कर."

"आभार, मिस्टर ट्रेनर," नेड म्हणाला, पुकाऱ्याला देतात त्याच सुरात.

त्या सुरात आणखी काही होतं का, हे हॉलिस रंग लावताना ताडत बसला.