पुकारलेलं नाव

लतीफने भोंग्याच्या तारेला आणखी एक पीळ दिला, हलवून बघितलं आणि टेम्पोच्या हौद्यातून बेताबेताने खाली उतरला. पुढे स्टिअरिंगवर ज्ञानू पत्रक वाचत बसला होता. पन्नाशी उलटलेला हा गडी वीस वर्षं भोर-वेल्ह्याच्या जत्रांतून लतीफचा भोंगा फिरवत आला होता.

"चाचा, मैत्रीची मॅच म्हंजी काय वो? मैत्री हाय तर लाथा कशाला मारत्यात?"

"लाथा बॉलला मारत्यात. तू गाडी काढ."

"कुठनं धरायचं?"

"किकवीपासनं. मग आंबवडं. उद्या वेल्हं, पानशेत."

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. वैष्णवी होती. कोंडिबा पैलवानाची नात, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरची, आता भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघात निवडलेली. ज्ञानूच्या हातातल्या पत्रकावर तिचाच फोटो होता. लतीफ टेम्पोच्या मागच्या बाजूला गेला.

"लतीफआबा, गाडी निघाली का?"

"निघतीया. का गं?"

"माझा गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे पळायचं न्हाई."

लतीफने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यादीत नाव हाय, पण बाकावर बसायचं. कोच म्हणाल्या, दुखत नसलं तर शेवटची दहा मिनिटं उतरवते, तुझं तू सांग."

"मग दहा मिनिटं तर दहा मिनिटं..."

"तसं न्हाई आबा. लोकांनी माझं नाव घेतलं की मी दुखत न्हाई म्हणूनच सांगणार. मला माझं ठाऊक हाय. म्हणून म्हणते, माझं नाव पुकारू नका. बाकी काय पुकारायचं ते पुकारा."

"बरं."

"शब्द?"

"शब्द," लतीफ म्हणाला.

तो पुढे येऊन बसला. ज्ञानूने चावी फिरवत विचारलं, "काय म्हनती पोरगी?"

"काय न्हाई. जोरात होऊ द्या म्हनती."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. गाडी नीरेचा पूल ओलांडेपर्यंत तो हातातला माईक धोतराच्या सोग्याने पुसत राहिला.

महिन्यापूर्वी फुटबॉल संघटनेच्या शेफालीमॅडम मैदान बघायला भोरला आल्या, तेव्हा सगळ्यात जास्त तोरा लतीफनेच मिरवला होता. क्रीडा मंडळाचा धनाजी त्यांना नदीकाठचं मैदान दाखवत होता. इथे हिरवळ, तिथे खेळाडूंच्या खोल्या. मॅडम सगळं बघून म्हणाल्या, "मैदानं मी चार पाहिली. तुमच्यापेक्षा चांगली आहेत. पण मागच्या सामन्याला शहरात दोन हजार खुर्च्या आणि तीनशे माणसं होती. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्याच दिसल्या. आमच्या मुली रिकाम्या खुर्च्यांपुढे राष्ट्रगीत म्हणाल्या. मला माणसं हवी आहेत, आणि ती शेवटपर्यंत बसायला हवीत. तसं झालं तर मार्चमधला मोठ्या संघाचा सामनाही इथेच देऊ."

धनाजी डोकं खाजवू लागला. लतीफ पुढे झाला. चाळीस वर्षं तो कुस्त्यांच्या फडात जोडी पुकारत होता. त्याचा आवाज ऐकला की बायका भाकरी तव्यावर टाकून दारात येत, असं लोक म्हणत.

"बाई, मानसं म्या आनतो."

"कशी?"

"नावावर. मानूस खेळ बघाया येत न्हाई, नाव बघाया येतो. आपल्या गावचं नाव पुकारा, गाव उठून येतंय."

त्या वेळी सगळे हसले होते. मॅडमनीही वहीत काहीतरी लिहून घेतलं होतं.

किकवीच्या फाट्यावर त्याने आधी शब्द पाळून बघितला. "येत्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता, भोरच्या नदीकाठच्या मैदानावर, भारत विरुद्ध नेपाळ, मुलींचा फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना हो..." चहाच्या टपरीवरच्या माणसांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा बशीत घातली. दुचाकीवर दुधाचे कॅन बांधणारा एक जण म्हणाला, "क्रिकेट हाय का?"

"फुटबॉल."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुसरा म्हणाला, "ती वेल्ह्याची पोरगी हाय न्हवं त्यात? पेपरात फोटू व्हता. ती खेळनार आसंल तर येतो की. माझ्या मेव्हन्याच्या भावकीतली हाय."

सगळे लतीफकडे बघू लागले. ज्ञानूही आरशातून बघत होता. लतीफने माईक तोंडाशी धरला. पुढचे शब्द चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप आले.

"आपल्या मातीतली लेक, कोंडिबा पैलवानाची नात, वैष्णवी, आपल्या मैदानात उतरनार हो!"

टपरीवर दोघेतिघे उभे राहिले. कुणीतरी शीळ घातली. लतीफला आवाज खणखणीत लागला होता, आणि तो तसा लागला याचंच त्याला मनातून बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. पण तोवर गाडी पुढच्या वस्तीत शिरली होती.

आंबवड्याला देवळामागच्या फडाजवळ ज्ञानूने गाडी थांबवली. "चाचा, हितं तुमचा आवाज घुमतो बघा."

लतीफ खाली उतरलाच नाही. बत्तीस वर्षांपूर्वी याच फडात माणसं कमी जमली होती. दुपार टळली तरी फड अर्धा रिकामाच, पंच वैतागलेले. कोंडिबाने त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं, "आज माझी जोड लावू नगं. तालमीत खांदा उखाडलाय. कुनाला सांगू नगं." लतीफने मान डोलवली होती. आणि तासाभराने, बाया-माणसं उठून चाललेली बघून, त्याने शेवटच्या कुस्तीला कोंडिबाचं नाव पुकारलं होतं. फडातला रिवाज सगळ्यांना ठाऊक. एकदा नाव पुकारलं की पैलवान माघारी जात नाही. कोंडिबा उतरला. त्याने लतीफकडे एकदाही पाहिलं नाही. माती अंगावर टाकली आणि सलामी दिली.

त्या दिवसापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. कुस्ती सुटली. कोंडिबा त्यावर कधीच काही बोलला नाही. ईदला शिरखुर्म्याला येतो, सुगीला नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन येतो. फक्त अंगात कोट घालताना त्याचा उजवा हात बाहीत अर्ध्यावर अडकतो, आणि तेव्हा लतीफ दुसरीकडे बघतो. बत्तीस वर्षं तो दुसरीकडेच बघत आला होता.

"पुकारा की," ज्ञानू म्हणाला.

लतीफने बसल्या जागेवरूनच पुकारलं.

चार दिवस हेच चाललं. वेल्ह्याच्या बाजारात, पानशेतच्या हॉटेलांपुढे, वाड्या-वाड्यांवर. घरी बायकोने, खुर्शिदाने, ताटात भाकरी वाढली तर त्याने तिचे दोन तुकडे केले आणि तसेच ठेवले.

"आवाज बसलाय का?"

"न्हाई."

"मग मान का बसलीय? कवाधरनं खालीच बघताय."

त्याने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.

रविवारी दोन वाजताच मैदान भरलं. माणसं धावपट्टीला चिकटून बसली होती, भिंतीवर चढली होती. शेफालीमॅडम मंडपात आल्या आणि दाराशीच थांबल्या. "लतीफचाचा, हे सगळे फुटबॉल बघायला आलेत?"

"व्हय," लतीफ म्हणाला आणि माईकची वायर सरळ करू लागला.

कोंडिबा वाडीवरची दोन टेम्पो माणसं घेऊन आला. फेटा बांधलेला, जुना काळा कोट डाव्या हातावर टाकलेला. धनाजीने त्याला मंडपात लतीफच्या शेजारीच खुर्ची दिली.

"बरा हाईस का रं?" कोंडिबाने विचारलं.

"बरा हाय."

"घसा फार ताणलास म्हनं. पार आमच्या खिंडीपतूर ऐकू आला."

लतीफने पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

पहिला डाव गोलाविना गेला. माणसांना खेळ फारसा कळत नव्हता, पण चेंडू नेपाळच्या टोकाला गेला की आरडाओरडा होई. वैष्णवी बाकावर बसून होती. निळी पँट, निळं जाकीट, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. ती तिने टॉवेलखाली लपवली होती. दुसरा डाव निम्मा सरला तशी पानशेतच्या बाजूने हाक उठली.

"वैष्णवी! वैष्णवी!"

मग किकवीच्या बाजूने. मग सगळ्या मैदानातून. टाळ्यांचा ठेका धरून माणसं नाव घेऊ लागली. टीव्हीवाल्याने कॅमेरा तिच्यावर फिरवला. धनाजीने आनंदाने लतीफच्या पाठीत थाप मारली. "चाचा, मार्च आपला! आता जरा तुमी बी पुकारा, म्हंजी कोच तिला उतरवतील."

लतीफचा हात माईकवर होता. त्याने पाहिलं, वैष्णवीने टॉवेल बाजूला केला. पिशवी बाकाखाली सारली. ती उठली, कोचजवळ गेली आणि मान हलवून काहीतरी म्हणाली. कोचने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि हाताने खूण केली. वैष्णवी रेषेवर आली, जाकिटाची चेन खाली ओढली आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. दर उडीला ती आधी डावा पाय टेकत होती. उजवा टेकला न टेकला.

हजारो माणसांत ते कुणाला दिसलं नसेल. कोंडिबाने त्या दिवशी फडात माती उचलली ती डाव्या हाताने, हेही कुणाला दिसलं नव्हतं. लतीफला दिसलं होतं.

त्याने माईक सुरू केला. लोक आणखीनच ओरडले. त्यांना वाटलं, आता चाचा नाव पुकारणार.

"ऐका," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच फाटला. "वैष्णवी आज खेळनार न्हाई."

ओरडा अर्ध्यात थांबला.

"तिचा गुडगा सुजलाय. डॉक्टरनं खेळू नगं म्हनून सांगितलंय. पाच दिवस आधी तिनं मला फोन करून सांगितलं, माझं नाव पुकारू नका. म्या शब्द दिला. आनि तरी पुकारलं. तुमी यावं म्हनून पुकारलं. आता तिला हाका मारू नका. बोलायचं तर मला बोला. म्या हितंच बसलोय."

त्याने माईक बंद केला. कोच वैष्णवीपाशी आली, खाली बसून तिच्या गुडघ्याला बोटं लावली आणि तिला दंडाला धरून बाकाकडे नेलं. वैष्णवीने मंडपाकडे बघितलं. त्या नजरेत राग होता की आणखी काही, ते इतक्या लांबून त्याला कळलं नाही. मग तिने बाकाखालची पिशवी काढली.

माणसं उठायला लागली. आधी किकवीची, मग पानशेतची. "चाचा, पुढच्या बारीला हत्ती पुकारा, हत्ती!" जाता जाता एक जण ओरडला. "म्हातारचळ लागलाय," दुसरा म्हणाला. धनाजीचं तोंड काळवंडलं होतं. "वीस मिनिटं, चाचा. फकस्त वीस मिनिटं गप बसला असता," एवढंच बोलून तो माणसांना अडवायला फाटकाकडे धावला. शेफालीमॅडमनी वही मिटून पर्समध्ये ठेवली. कॅमेरा रिकाम्या होत चाललेल्या धावपट्टीवरून हळूहळू फिरत गेला.

कोंडिबा मात्र जागचा हलला नाही. त्याच्या वाडीची माणसंही बसून होती. लतीफच्या ते उशिरा ध्यानात आलं.

"तुझी मानसं उठली न्हाईत?"

"कशाला उठत्याल?" कोंडिबाची नजर चेंडूवर होती. "त्यास्नी ठाऊक हाय की. पोरीनं मला त्याच दिशी फोन केल्ता."

लतीफ त्याच्याकडे वळला.

"मग तू आलास कशाला? एवढं गाव घिऊन?"

कोंडिबाने डाव्या हाताने फेटा सारखा केला. नेपाळच्या एका मुलीने चेंडू बाहेर घालवला. उरलेल्या माणसांनी उगीच टाळ्या वाजवल्या.

"तू काय पुकारतोस ते ऐकाया," तो म्हणाला.

नदीकडून गार वारा सुटला. मंडपाचं कापड फडफडलं. कोंडिबाने हातावरचा कोट उलगडला, डावा हात बाहीत घातला आणि उजवा मागे नेला. तो नेहमीसारखा अर्ध्यावर अडकला. कोंडिबा थांबला. कोट खांद्यावरून लोंबत राहिला.

लतीफ उठला. त्याने बाही धरली आणि त्या हाताकडे बघत राहिला.