मलमलखालचा चार्जर

सन २०२०, मे महिना. नेदरलँडमधल्या आल्मेरे शहरात मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या वसुधाताई विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडल्या होत्या. त्यात मुलगा अभिराम आणि सून दोघेही कोविडने आजारी पडले, म्हणून शेजारच्या तीनेकेबाईंनी वसुधाताईंना आपल्या भाजीच्या मळ्यातली लाकडी खोली राहायला दिली. तिथे वीज नव्हती. अभिरामने आपला ट्रेकिंगचा सोलर चार्जर दिला होता. वहीसारखी उलगडणारी चार काळी पानं आणि वायरीने जोडलेली छोटी बॅटरी.

तिकडे पुण्यात वसुधाताईंचे यजमान मोरेश्वरराव कोविड वॉर्डात होते. संध्याकाळी त्यांना आयसीयूत हलवणार होते. मग बोलणं बंद. त्याआधी, इथल्या दुपारी दीडला, सिस्टर फोन लावून देणार होती.

अकरा वाजले. फोन चार टक्क्यांवर, बॅटरीचे चारही दिवे विझलेले. ऊन तर लख्ख! वसुधाताईंनी फोन थेट पानांना जोडून पाहिला. क्षणभर सुरू, क्षणात बंद.

तीनेकेबाई वाफ्यांना पाणी घालून आल्या आणि थबकल्या. "हे काय, चीज गाळताय?"

चार्जरवर मलमलचं धुवट फडकं होतं, कडांना दगड ठेवलेले. कुरडया वाळत घालाव्यात तसं! धूळ नको, पाखरांची घाण नको.

"पण चांगला तापलाय की," वसुधाताई आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या.

"त्याला ताप नको, उजेड हवा." बाईंनी फडकं उचललं, पानं सूर्याकडे कलती केली आणि बॅटरी बाकाखाली सावलीत सरकवली. "ही तापली तर खराब होईल. आणि फोन हिलाच जोडायचा. पानं ढगाबरोबर कमीजास्त देतात. ही साठवते आणि एकसारखं देते."

"म्हणजे आमच्या गच्चीवरची टाकी! पाणी येईल तेव्हा येईल, नळ सोडला की धार."

"तुमच्याकडे दिवसभर पाणी नसतं?"

"तुम्ही भाग्यवान आहात, बाई."

फोन बंद करून ठेवला. एक वाजता दुसरा दिवा लागला, तेव्हा वसुधाताईंनी वायर फोनला लावून तो सुरू केला. दीडला फोन वाजला.

"वसू, जेवलीस का?" आवाजात धाप होती.

"माझं राहू द्या. सिस्टरांशी हुज्जत घालत नाही ना?"

"मास्कमधून काय कपाळ हुज्जत घालणार!"

अकरा मिनिटं बोलणं झालं. एकदाही तुटलं नाही.

मोरेश्वरराव आयसीयूतून परत आले नाहीत. अभिराम आणि सून बरे झाले. पुढे तिकडच्याच फेल्डहोवन गावी राहायला गेले, त्यांना मुलगी झाली. तीनेकेबाई दोन वर्षांनी झोपेतच गेल्या. वसुधाताई पुण्यात आहेत, एक्क्याऐंशीच्या. रोज देवापुढे हात जोडताना यजमानांपाठोपाठ त्या तीनेकेबाईंचं नाव घेतात. आडनाव काही त्यांना अजून उच्चारता येत नाही.