मधली खुर्ची

इस्रायल आणि पॅलेस्टाईनमध्ये शस्त्रसंधी झाली तर फायदा कोणाचा, यावर आमच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये रोज जेवताना परिषद भरायची. परीक्षित पुण्याचा, म्हणजे त्याला सगळं ठाऊक. "फायदा इस्रायलचाच. दम खायला वेळ मिळतो त्यांना." अतुल मुंबईचा, तो मुद्दाम उलटं बोलणार. "काहीतरीच काय यार! ज्याच्याकडे बंदुका कमी, त्यालाच थांबणं परवडतं." दोघांची पैज लागायची, आवाज चढायचे, आणि भांडी शेवटी माझ्या वाट्याला यायची.

"धम्मा, तू बोल की काहीतरी," परीक्षित एकदा म्हणाला.

"आमच्या घरी करार म्हटलं की आजोबांना येरवडा आठवायचा," मी म्हटलं. "ते म्हणायचे, टाळ्या वाजवणारे घरी जाऊन झोपतात. सही करणाऱ्याला मात्र जन्मभर जाब द्यावा लागतो."

परीक्षितने लोणचं मागितलं.

मला या विषयाचा वीट आला होता, कारण दिवसभर मी त्यातच बसलेला असायचो. मी धम्मदीप, नागपूरचा. हुद्दा कन्सल्टंटचा, पण खरं सांगायचं तर एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिलेला माणूस. ती दुसरी इन्शुरन्सवाली. तिथे माझ्या डावीकडे गिल बसायचा, तेल अवीवचा. डेटाबेस त्याचा. उजवीकडे सामी, नाब्लसचा. स्क्रीन सगळे त्याचे. एकाचं काम दुसऱ्याशिवाय हलत नव्हतं आणि मी येण्याआधीच कधीतरी जोरदार वाजलं होतं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणून लिंडाने, आमच्या मॅनेजरने, मधली खुर्ची मला दिली.

"त्याला सांग, असला मूर्खपणा शाळेतलं पोरही करणार नाही," गिल म्हणायचा. मी खुर्ची वळवून सामीला सांगायचो, "गिल म्हणतो, ही क्वेरी जरा परत बघ." सामी म्हणायचा, "त्याला सांग, आपलं ठेवायचं झाकून." मी परत वळून म्हणायचो, "बघतो म्हणाला." तिघंही इंग्लिशच बोलायचो, तिघांनाही सगळं ऐकू यायचं. तरी मी सांगितल्याशिवाय कोणी काही ऐकलं असं मानायचंच नाही! संध्याकाळी मान आखडायची.

पण दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. लिंडाने मला स्वच्छ सांगितलं होतं, "हे दोघं बोलत नाहीत तोवर तू मला हवास." त्या भरवशावर मी बायको जागृती आणि लेक उपासना यांची इकडे यायची डिसेंबरची तिकिटं काढली होती. मी विमानात बसलो तेव्हा उपासना पोटात होती. आता ती दोन वर्षांची झाली होती, पळायला लागली होती. तिचा बाप म्हणजे भिंतीवरचा एक फोटो. काम सुटलं असतं तर पुन्हा आमच्या कंपनीचं जर्सी सिटीचं गेस्टहाऊस, एका खोलीत सहा जण, पुढचं काम मिळेपर्यंत वाट बघत पडून राहायचं. तिथे बायको-पोरीला कुठे नेऊ?

शहाण्णवच्या सप्टेंबरात तिकडे पुन्हा गोळीबार सुरू झाला. आमच्या घरी परिषदेला नवा जोर चढला. ऑफिसात मात्र दोन्हीकडे चिडीचूप. सामी एकच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होता, त्याच्या आईचा. लागत नव्हता. गिलही भाच्याच्या चौकशीला कुठेतरी फोन करायचा आणि लागला नाही की ठेवून द्यायचा. डावीकडे टकटक, उजवीकडे टकटक. मला वाटायचं, उठावं आणि घरी निघून जावं.

मग बातमी आली, थांबतंय म्हणून. त्या दुपारी सामी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "त्याला विचार, त्याचा भाचा आता कुठे आहे."

मी वळलो. गिलचे डोळे स्क्रीनवरच. "त्याला सांग, नाब्लसला. सैन्यात आहे."

"त्याला विचार, जुन्या साबणाच्या कारखान्यामागची गल्ली त्याला माहीत आहे का. माझी आई तिथे एकटी असते."

मी पुन्हा गिलकडे वळलो. तुमच्यापासून कशाला लपवू? मनात आलंच. "सामी तुझ्या भाच्याला शिव्या देतोय," एवढं म्हटलं असतं की डिसेंबर पक्का. पण सामीने ते ऐकलंच असतं, आणि तसंही, कोणाच्या आईवरून खोटं बोलायला मला माझ्या आईने शिकवलं नव्हतं. रागच आला एकदम. त्यांचाही, माझाही.

"मी काय पोस्टमन आहे का रे?" मराठीतच ओरडलो मी. मग इंग्लिशमध्ये म्हटलं, "तुमच्या आया-बहिणींचं तुम्ही बोला. मी कॉफी आणायला चाललो."

तीन कॉफ्या घेऊन आलो तर सामी माझ्या खुर्चीत. गिलच्या कानाला फोन. पलीकडे भाचा असावा. गिल हिब्रूत काही बोलला, मग रिसिव्हरवर हात ठेवून सामीला म्हणाला, "तो दार वाजवून बघेल."

"नको!" सामी उभाच राहिला. "दारात सैनिक बघून ती घाबरून मरेल. त्याला म्हणावं, लांबूनच बघ. गच्चीवर कपडे वाळत असतील तर ती ठीक आहे. ती रोज कपडे धुते. काहीही होवो, धुतेच."

मी कपाटाला टेकून उभा राहिलो. बसायला जागा कुठे होती?

दुसऱ्या दिवशी निरोप आला. गच्चीवर कपडे होते, एक हिरवी चादर होती. सामी टेबलावर डोकं ठेवून रडला. गिल त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला, माझ्याच खुर्चीत. दोन दिवसांनी सामीचा आईला फोनही लागला. मैत्री वगैरे काही झाली नाही हो. नाब्लसवरून ते पुन्हा कडाकडा भांडलेच, पण आता समोरासमोर. आणि भांडता भांडता क्वेरीचंही बोलून टाकायचे.

शुक्रवारी लिंडाने मला बोलावलं. "तू चमत्कार केलास," म्हणाली, आणि ऑक्टोबरअखेरपर्यंतच काम आहे म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. मला तिच्यावर चिडताही येईना.

घरी परिषद चालूच. "शस्त्रसंधी टिकली म्हणे! बोल धम्मा, फायदा कोणाचा?"

"एका म्हातारीचा," मी म्हटलं. "आज भांडी तुम्ही घासा."

जागृतीला फोन लावला तेव्हा नागपुरात सकाळ झाली होती. तिकिटं कॅन्सल करावी लागतील, असं सांगितलं. का, तेही सांगितलं. गच्ची, कपडे, चादर, सगळं. तिने एकच विचारलं.

"बोलली का ती माय आपल्या पोराशी?"

"बोलली."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "आपण थांबू आणखी. आपल्यावर कोणी गोळ्या तर नाही झाडत." असं म्हणाली आणि मग तिलाच रडू फुटलं.

तिच्या हातातून रिसिव्हर कोणीतरी ओढला. धापा टाकल्याचा आवाज आला, पळत आली असावी.

"कोण आहे?" उपासनाने विचारलं.